बाळ्या, आधी पाउच काढ

इंदूर,
१२ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

ग्वाल्हेरच्या मेळ्यात तुझी रात्रपाळी लागली म्हणून खूश झालो, आणि लगेच तुझ्या नव्या ड्युटी बेल्टचा फोटो आला. अकरा पाउच मोजले मी. अरे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तुझं कमरेवर!

हसतोय, पण गेल्या वर्षी मीही असाच नटलो होतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे आमची चित्ररथांची मिरवणूक, जेल रोडच्या तोंडाशी पहाटेपर्यंत उभा. प्रथमोपचाराची डबी पाठीमागे मधोमध लावलेली. गर्दीचा लोंढा आला, मी बॅरिकेडवर पाठीवर आदळलो आणि ती डबी मणक्यात अशी रुतली की आई आठ दिवस शेकत होती. तेव्हापासून मणक्यावरची वीतभर जागा मी रिकामी ठेवतो.

तुझा पट्टा एकपदरी दिसतोय. जमलं तर दोन पदरी घे: आतला दीड इंची, पँटच्या लुपांतून ओवलेला, आणि त्यावर वेल्क्रोनं चिकटणारा दोन इंची. नाहीतर निदान चार कीपर लाव, म्हणजे पँटचा पट्टा आणि ड्युटी बेल्ट एकत्र धरणाऱ्या त्या बटणाच्या पट्ट्या. त्या नसल्या की पळताना सगळं फिरतं. वजन पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसू दे. माप पँटच्या नंबरावरून घेऊ नकोस, कपड्यांवरून टेप लाव. (पोह्यांना दोष देत नाही, पण माझा पट्टा दोन भोकं ढिला झालाय.)

उजवा हात मोकळा हवा, म्हणून टॉर्च आणि वायरलेस सेट डावीकडे. सेटची एरियल बगलेत टोचते, तेव्हा तो थोडा मागे सरकव आणि माइक खांद्यावर घे. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायची पट्टी, मात्र पुढे, बेंबीजवळ, कुठल्याही हातानं निघेल अशी. एक हात जायबंदी झाला तर मागच्या पाउचमधली कशी काढशील? वेष्टन आधीच फाडून ठेव आणि ती बांधायला कुणा जाणत्याकडून शीक.

माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या त्या मेळ्यात झटापटी कमी, हरवलेली पोरं जास्त. शिट्टी, टॉर्च आणि खिशात वही-पेन, एवढ्यावर तुझी निम्मी रात्र निघेल. तो सुऱ्याचा पाउच काढच. उरलेल्यातही काय चालतं ते साहेबांना विचार.

आणि तुमची थंडी! जॅकेट लांब असलं की सगळे पाउच झाकले जातात. म्हणून तालीम जॅकेट आणि हातमोजे घालूनच कर. डोळे मीट, वहिनींना वस्तूंची नावं पुकारायला सांग. तीन मोजेपर्यंत हात पोचला नाही, तर त्या वस्तूची जागा चुकली. मग खुर्चीत बस, बुटाची नाडी बांध, स्कूटर चालव. एकदा पट्ट्यासकट किल्ल्याच्या उरवाई दरवाजाचा चढ चढून ये, काय टोचतं ते तिथे कळेल.

माझ्याकडे दोन कीपर जादा आहेत. दादा शनिवारी ग्वाल्हेरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. डबा परत द्यायला विसरू नकोस, आईनं लाडू भरलेत.

तुझा,
विन्या