विषय: 10 बाय 10 फुटी घडीच्या तंबूची तक्रार, चौथ्यांदा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल तुमच्या माणसाने फोन ठेवला, म्हणून हे पत्र. बिल, फोटो आणि तुटलेल्या जॉइंटचा व्हिडिओ तुमच्याकडे तीनदा आला आहे. पुन्हा जोडत नाही.

हा तंबू तुम्ही ‘प्रदर्शन व स्टॉलसाठी, वॉटरप्रूफ’ म्हणून विकता. पुण्यात एप्रिल-मेमध्ये उघड्यावर चित्रांचं प्रदर्शन लावलं की संध्याकाळी वळीव येऊ शकतो, हे मांडववाल्याच्या पोरालाही कळतं.

छताचं कापड फक्त चार कोपऱ्यांना वेल्क्रोने धरलेलं आहे. कडेला मध्यभागी ताणून धरणारा पट्टाच नाही. कापड सैल पडतं आणि तिथे पखाल भरते. 20 मिलिमीटर पावसात एवढ्या छतावर साधारण 185 लिटर पाणी पडतं. त्यातला चौथा हिस्सा एका कोपऱ्यात साचला तरी 45 किलो झाले. ते सगळं सांगाड्याच्या नायलॉनच्या जॉइंटवर येतं. जॉइंट बोल्टच्या भोकापाशीच फाटला, मग सांगाड्याची कात्रीसारखी मिटणारी पट्टी वाकली. पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूचे दोन पाय एक खाच खाली घेणं, आतून काठीने पाणी ढकलणं, हे सगळं केलेलं आहे. कृपया पुन्हा सुचवू नका.

शिवणींवर आतून टेप नाही. कापड गळत नाही, सुईची भोकं गळतात. जलरंगाच्या चित्राला एक थेंब पुरतो.

यावर तुमच्या प्रतिनिधीशी झालेला संवाद शब्दशः:
“सर, तुम्ही तंबू पावसात का लावला?”
“वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून.”
“कापड वॉटरप्रूफ आहे सर. तंबू नाही.”
मग दोन मिनिटं होल्डवरचं संगीत, आणि परत येऊन, “पाऊस नैसर्गिक आपत्तीत येतो, वॉरंटीत नाही.” तंबू वॉटरप्रूफ नाही! मग पुढच्या बॉक्सवर ‘फक्त उन्हासाठी’ असं छापा, आम्ही छत्री घेऊ.

तंबू उडू नये म्हणून पायांना बांधायच्या वजनाच्या पिशव्यांबद्दल तर बोलायलाच नको, तरी बोलतो. वाळूने गच्च भरूनही एक पिशवी 5 किलोच्या वर जात नाही. ताशी 40 किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साडेसात किलोच्या आसपास असतो; 3 बाय 2 मीटरची एकच भिंत लावली तरी 45 किलोचा रेटा. दर पायाला 18 ते 20 किलो हवेतच. काँक्रीट भरलेला चार इंची, तीन फुटी पीव्हीसी पाइप तेवढा भरतो. तो पट्ट्याने वरच्या सांगाड्याला टांगून खाली पायाला आवळायचा, कारण वारा छताला उचलतो. तुमच्या पुस्तिकेत मात्र खुंट्या ठोका, एवढंच. पेव्हर ब्लॉकमध्ये?

सांगाडा बदलून द्या, मधल्या पट्ट्यांचं आणि टेप लावलेलं छत द्या, नाहीतर पूर्ण पैसे. 15 दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि पाठोपाठ जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. आणि हो, टेप नाही हे पुन्हा सांगतो, कारण तीन वेळा सांगूनही तुमच्या नोंदीत ‘कापड फाटले’ असंच लिहिलेलं आहे.

त्या चार पिशव्या कुरिअरने परत पाठवल्या आहेत. भाजी आणायलाही लहान पडतात.

एक ग्राहक