थोरल्या तात्यांची भाकरी

म्युनिक,
८ मार्च २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र दादा छापून आणून देईल. अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय. तरी चष्मा लागलाच तर तो फ्रीजवर आहे, देवघरात शोधू नका. खरं तर हे फोनवरच सांगणार होते. दोन रविवार फोन केला, दोन्ही वेळा तुम्ही "आवाज का बसलाय गं?" म्हणालात आणि मी आपली इथल्या थंडीवर घसरले.

तर सांगते. १० एप्रिलला मी इटलीत फोर्लीला, थोरल्या तात्यांसाठी चालले आहे. एकटी. तिकीट काढलंय, रजा टाकलीय. दादाला महिन्याभरापासून माहीत आहे. त्याच्यावर चिडू नका, मीच त्याला शपथ घातली होती.

तुम्हाला घेऊन जाईन म्हणाले होते, ते विसरलेले नाही. ओसरीवर तुमच्या पायाला तेल चोळत बसले होते आणि तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "एकदा त्या मातीवर डोकं टेकवलं की सुटलो." मी म्हणाले, "नेते की." किती सहज म्हणाले! तेव्हा तुमची बायपास व्हायची होती.

व्हिसाचा अर्ज मी निम्मा भरलाही होता. विम्याच्या पानावर आधीचे आजार विचारतात. मी लिहीत गेले, लिहीत गेले आणि ती जागा पुरेना. डॉक्टर "प्रवासाला हरकत नाही" म्हणाले हे तुम्ही सगळ्यांना सांगता, पण ते पुण्याला बारशाला जाण्याबद्दल म्हणाले होते. मुंबईपर्यंतची गाडी, विमानतळावरचं ते मैलभर चालणं, आठ-नऊ तास विमानात पाय लोंबकळत, वर इथे आल्यावर पुन्हा सात तास रेल्वे. व्हीलचेअरला तुम्ही हो म्हणणार नाही, मला माहीत आहे. दवाखान्याच्या लिफ्टमध्येसुद्धा "बायका-पोरं जाऊ देत आधी" म्हणून जिन्याने निघाला होतात. आणि वाटेत काही झालं असतं, तर मी आईला काय तोंड दाखवलं असतं? इतकी कारणं दिली, पण खरं हेच की मी घाबरले.

पुढच्या वर्षी जाऊ, असं मी लिहीत नाही. लहानपणी तुम्ही मला कधी "उद्या आणतो" म्हणून गप्प केलं नाहीत. नसेल आणायचं तर नाही म्हणायचात.

आता दुसऱ्या महायुद्धातून परत न आलेल्या आपल्या थोरल्या तात्यांचं. हे शांतपणे वाचा. आई, तू जवळ बस.

दिवाळीत ट्रंक उघडली तेव्हा आई पदकांना चिंच लावायला निघाली होती, आठवतं? दोन चांदण्यांना लावून झाली होती आणि मी तिसरं, ते गोल, तिच्या हातातून ओढून घेतलं. आई रुसली. पण त्या गोल पदकाच्या कडेवर, रुपयाच्या नाण्याला कंगोरे असतात ना तिथे, बारीक अक्षरं ठोकलेली आहेत. आपण इतकी वर्षं ती नक्षी समजत होतो. मोबाइलच्या उजेडात, तुमचं पंचांगाचं भिंग लावून वाचलं तर आधी नंबर, मग शिपाई, मग नाव, शेवटी मराठा लाइट इन्फंट्री. गोऱ्यांनी आपल्या पोरांच्या पदकांवर नाव घातलं एवढं मात्र बरं केलं. तो नंबर होता म्हणून तात्या सापडले. नावावरून या जन्मात सापडले नसते.

कारण आपला 'ज्ञ'! युद्धात पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी आता घरबसल्या बघता येतात. मी ज्ञानू हे नाव डी-एन घालून शोधलं, जी-वाय घालून शोधलं, जे घालूनही शोधलं. पलटणीच्या नावात तर तेव्हा एक जादा 'एच' असायचा, म्हणजे 'महरट्टा'. मग दादाने बेळगावच्या पलटणीच्या माणसांना विचारून पहिली बटालियन, पाचवी मराठा एवढं पक्कं केलं, नंबराशी ताडून पाहिलं आणि मिळाले. 'दयानू'. कुणा कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. पुढे आडनावही सिंदे. गावाचं नाव असं काही की मी तीनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं, तेव्हा ओळखीचं वाटलं. पण तालुका पाटण, जिल्हा सातारा स्वच्छ आहे. आणि त्याच ओळीत, बाबा, 'हौसाबाईचा पती' असं लिहिलंय. मोठ्या आईचं नाव. रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव मी कुठे छापलेलं पाहिलंच नव्हतं.

तारीख १० एप्रिल १९४५.

म्हणजे इटलीतल्या कॅसिनो गावच्या लढाईत नव्हे. तुमच्या निळ्या वहीतला पलटणीचा क्रम बाकी सगळा बरोबर निघाला. १९४३ च्या सप्टेंबरात तारांतोला उतरले, नोव्हेंबरात सांग्रो नदी, मग १९४४ च्या मे महिन्यात कॅसिनो. तिथे तुम्ही रेघ मारलीत, कारण शेवटचं पत्र त्या सुमाराचं. पण पलटण तिथून पुढे गेली. फ्लॉरेन्स झालं, डोंगरातली जर्मनांची फळी झाली, सेर्किओच्या खोऱ्यात हिवाळा काढला आणि वसंतात सेनिओ नदीवर आली. तुमच्या हिशोबापेक्षा तात्या अकरा महिने जास्त जगले. एक पावसाळा, एक दिवाळी, एक बर्फाचा हिवाळा. मला पहिल्यांदा याचंच बरं वाटलं. मग दुसरा विचार आला: इटलीतली लढाई २ मेला थांबली. तीन आठवडे राहिले होते.

सेनिओ म्हणजे काही मोठी नदी नाही. आपल्या कोयनेपुढे ओढाच. पण दोन्ही काठांना घराएवढे उंच मातीचे बांध, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांच्या मशीनगन. ९ एप्रिलला संध्याकाळी तिथेच नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून पाठीवर आणलं, एकट्याने तीन ठाणी गप्प केली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाने आरोळी ठोकली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तात्यांच्याच बटालियनचे, बाबा. ती आरोळी तात्यांच्या कानावर पडली असेल की नाही, कोण सांगणार? पडली असं मी धरून चालते. तुम्हीही धरा.

बोलोन्याहून फोर्लीला जाणारी गाडी फाएन्झाच्या अलीकडे हीच नदी ओलांडते. मी नकाशा पाहून ठेवलाय. डबा कुठलाही असो, खिडकीशी उभी राहीन.

आणि ज्याच्यासाठी आईला जवळ बसवलं ते आता लिहिते. माणगावला, त्याच युद्धात इटलीत लढलेल्या यशवंतराव घाडग्यांच्या पुतळ्यासमोर तुम्ही मला खांद्यावर घेऊन उभे राहायचात आणि सांगायचात, "यांचंसुद्धा थडगं नाही, आपल्या तात्यांसारखंच." घाडगे १० जुलै १९४४ ला पडले आणि त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशांबरोबर. तात्यांचं नाव तिथे नाही. ते फोर्लीला हिंदी सैनिकांच्या दफनभूमीतल्या वेगळ्या स्मारकावर आहे. त्या स्मारकावर साडेसातशेच्या वर नावं आहेत आणि ती सगळी अशा लोकांची, ज्यांना अग्नी दिला गेला.

तात्या बेवारस गेले नाहीत, बाबा. कुणीतरी लाकडं गोळा केली. पलटणीतल्याच कुणीतरी, साताऱ्याच्या नाहीतर रत्नागिरीच्या पोराने, काडी लावली असेल. इटलीत आपले पावणेसहा हजारांच्या आसपास गेले, त्या धामधुमीतही कुणीतरी एवढं केलं. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते. बाथरूममध्ये जाऊन रडले आणि येऊन मीटिंगला बसले.

आता मोठ्या आईचं. तुमच्या मनात काय येईल ते मला कळतं. ती गेली तेव्हा तिचा मळवट भरायला तुम्ही लावलात, हिरवं लुगडं नेसवायला लावलंत, भावकी कुजबुजली तेव्हा "बेपत्ता म्हणजे मेला नव्हे" म्हणून ओरडलात. मी चौदा वर्षांची होते, खांबाला धरून उभी होते. तुम्ही तेव्हा केलंत ते बरोबरच होतं. आजही मी तेच करीन. एका ओळीने ते चूक ठरत नाही.

ट्रंकेच्या तळाला, वर्तमानपत्राच्या खाली, तात्यांच्या मागे मिळालेल्या पेन्शनचं ते पुस्तक आहे. तात्यांच्या वडिलांच्या, आण्णांच्या अंगठ्याच्या ठशांचं. मी पाहिलंय आणि मला वाटतं तुम्हीही कधीतरी पाहिलेलं असणार. नसेल तर आता उगाच काढत बसू नका. तात्या गेल्याचं आण्णांनी पैशांसाठी दडवलं असं माझ्या मनाला येत नाही. सतरा वर्षांची सून, दारात तुळशीला पाणी घालतेय, तिच्या कपाळाकडे बघून म्हाताऱ्याची जीभ उचलली नसेल. मग एक वर्ष गेलं, पाच गेली, आणि नंतर सांगायची सोयच उरली नाही. मला आण्णांचा राग येऊन गेला, खोटं कशाला सांगू? पण तो फार टिकला नाही. फोनवर मी हा विषय काढणार नाही. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर बोला.

ती रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त थापायची. फडक्यात गुंडाळून शिंक्यात. सकाळी तीच दुधात कुस्करून मला भरवायची आणि म्हणायची, "खा, थोरल्या तात्यांची हाय." मी कितीतरी वर्षं समजत होते की तात्या रात्री येऊन निम्मी खाऊन जातात. अजून शिळी भाकरी दुधात खाल्ली की मला आधी तुमच्या विडीचा वास आठवतो, मग तिचा हात. (विडी सुटलीय ना? दादा नाही म्हणतो, पण दादा तुमचा माणूस आहे.)

आई, बाबांना नेणार होते तेव्हा तू शेतातली माती पाठवू म्हणाली होतीस, ती पाठवू नकोस. इकडे परदेशची माती आणू देत नाहीत, काढून घेतात, आणि आपली माती कुठल्यातरी कचऱ्याच्या डब्यात जायची. त्यापेक्षा मी ज्वारीची भाकरी नेणार आहे. पीठ इथे मिळतं, पण जुनं असतं, विरी जाते, थापताना चिरते. उकळतं पाणी किती घालायचं ते तू "अंदाजाने" असं सांगू नकोस, वाटीच्या मापात सांग. मोठी आई मीठ घालायची का?

तिथे दारापाशी पाहुण्यांसाठी वही ठेवलेली असते. त्यात आधी बाबांचं नाव लिहीन, मग आईचं, मग दादाचं. माझं शेवटी, जागा उरली तर. आणि ११ वाजता तिथून व्हिडिओ लावीन, म्हणजे तुमच्याकडे दुपारचे अडीच. बाबा, त्या दिवशी जेवून लगेच आडवे होऊ नका. पांढरा सदरा घालून खुर्चीत बसा, खाटेवर नको. दादाला नेटपॅक आधीच मारायला सांगा. मी हात लावीन त्या नावाला आणि मोबाइल तिथे धरीन. डोकं टेकवायचं राहील, ते मी तुमच्या वतीने टेकवीन. ते तुम्ही टेकवल्यासारखं होणार नाही, हे मला कळतं.

आता बाकीचं. न्हाणीघरात स्टीलचा दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका, पैसे दिलेत. त्याला टॉवेल वाळत घालायचा नाही, धरायचं. गोळ्यांची डबी रविवारी रात्री भरायची, ते काम आईचं नाही, तुमचं. आई, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लाव आणि पाडव्याची गुढी उभारायला शिडीवर चढू नकोस, दादाला चढव. मावशी पोळ्यांना येतात त्यांना "आज नको" म्हणून घरी धाडत जाऊ नकोस. माझी काळजी करू नका, मी दोन वेळा जेवते, कोट जाड आहे, फोर्लीला स्टेशनाजवळच खोली घेतलीय आणि तिथे एप्रिलमध्ये आपल्या महाबळेश्वरएवढीच थंडी असते.

पदकांना आता चिंच, राख, काही लावायचं नाही. मलमलीत गुंडाळून ठेवा. गोल पदक मात्र ट्रंकेत नको, ते त्या दिवशी बाबांच्या खिशात असू दे.

तुमची,
चिंगी

ता. क. बाबा, चिडला असाल तर रविवारी फोन आईला घेऊ द्या. पण तुम्ही जवळच बसा, खोकलात की मला कळतं.