चाकूबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

त्या जाड, काळ्या पात्याच्या चाकूचा फोटो पाठवून ‘घेऊ का?’ असं विचारलंस. उत्तर आधीच देऊन टाकतो: नको घेऊ. दिसतो भारी, वाद नाही. पण तुझ्या खिशातल्या चाकूच्या वाट्याला दिवसभरात काय येणार? खताच्या पोत्याची सुतळी, पेटीवरची प्लॅस्टिकची पट्टी, दुपारी एखादा पेरू, फार तर माचीवर भाकरीबरोबर कांदा. यातल्या कशालाही तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं पातं लागत नाही. उलट ते आड येतं. असला चाकू माझ्या एका सहकाऱ्याकडे आहे. धार लाव म्हणशील तेवढी, कागद सर्रकन कापतो. पण सफरचंदात निम्मा शिरला की पाचर ठोकल्यासारखी फोड तडकते आणि अर्धी टेबलाखाली जाते. धार म्हणजे पात्याची शेवटची रेघ. तिच्यामागे किती लोखंड आहे, यावर चाकू कापणार की फाडणार हे ठरतं. लोक पोलादाचं नाव विचारतात, खटका कसा लागतो ते बघतात, कण्याची, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूच्या पाठीची, जाडी मात्र कुणी बघत नाही.

मी इथल्या, फ्रान्समधल्या, लोकांच्याच खिशातला घेतला, ओपिनेल नंबर आठ. ग्रेनोब्लमध्ये कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, साधारण पंधरा युरोंत. जन्मही इथून जवळच्याच सावोआ भागातला. आल्बिए नावाच्या डोंगराळ गावात बाप कुऱ्हाडी-कोयते घडवणारा; त्याच्या पोरानं, झोझेफ ओपिनेलनं, १८९० मध्ये हा घडीचा चाकू केला तेव्हा त्याचं वय जेमतेम १८. १८९७ मध्ये त्यानं एक ते बारा अशी मापं पाडली. एक नंबर इतका इवला होता आणि अकरा नंबर दहा-बाराच्या इतका जवळ, की दोन्ही पुढे बंद झाले. पात्यावर मुकुट आणि त्याखाली आशीर्वादाचा हात असा छाप असतो. तो हात सँ-झाँ-द-मोरिएन या गावाच्या चिन्हातला आहे. येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या बोटांचे अवशेष तिथल्या चर्चमध्ये आहेत, अशी श्रद्धा आहे.

आता चाकूकडे वळतो. पातं साडेआठ सेंटिमीटर, कण्याशी जाडी दीड-पावणेदोन मिलिमीटर. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, गोल, किंचित पोट सुटलेली. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे खिसा लोंबत नाही. ना स्प्रिंग, ना बटन, ना क्लिप. पात्याला नखाची खाच आहे, तिथे नख अडकवून दोन्ही हातांनीच उघडावं लागतं. मग मुठीच्या तोंडाशी असलेलं लोखंडी कडं फिरवलं की पातं जागेवर घट्ट. हे कडं १९५५ मध्ये आलं; २००० पासून ते चाकू मिटलेला असतानाही फिरवता येतं, म्हणजे खिशात आपोआप उघडायची भीती उरत नाही. कडं डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखंच सोपं, तू डावखुरा म्हणून मुद्दाम लिहितोय. एका हातानं उघडणारे चाकू बहुतेक उजव्यांचा विचार करून केलेले असतात.

कापतो कसा? टोमॅटोवर ठेवून दाब न देता ओढायचा, साल सुटते. कांद्याच्या चकत्या आरपार दिसतील इतक्या पातळ. पाव, चीज, पुठ्ठा, पेन्सिल सगळं चालतं. पुठ्ठा फार कापला तर धार उतरते, पण निसण्यावर दोन्ही बाजूंनी चार-चार हात मारले की परत येते. माझ्याकडचं पातं कार्बन पोलादाचं आहे, म्हणून तर ती इतक्या लवकर येते. टोक नाजूक आहे. डब्याचं झाकण उचकटायला वापरलंस तर वाकेल, त्याला चाकूचा दोष म्हणता येणार नाही.

उणी बाजूही आहेच, आणि ती नेमकी तुझ्या कोकणात उघडी पडेल. मूठ लाकडाची, पातं त्याच लाकडाच्या खाचेत बसतं. ओल लागली की लाकूड फुगतं आणि पातं आत रुतून बसतं, नख तुटेल पण हलणार नाही. इथल्या लोकांनी त्यावर युक्ती काढली आहे: कडं मोकळं करायचं आणि मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. याला ते ‘सावोआवाल्याचा ठोका’ म्हणतात. गंमत म्हणून ठीक आहे, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत तू दिवसभर ठोके मारत बसायचास. मुठीला जवसाचं तेल पाजलं आणि सांध्यात थोडं व्हॅसलीन भरलं तर त्रास बराच कमी होतो, जात नाही.

दुसरं गंजाचं. कार्बनच्या पात्यानं कैरी कापलीस की पाच मिनिटांत त्यावर निळसर-काळा डाग पडतो. त्याला घाबरू नये, तो थर उलट तांबड्या गंजाला थोडा अडवतो. पण पहिले काही दिवस कैरीच्या फोडीलाही लोखंडाची चव लागते, आणि काकू ती फोड परत करतील. समुद्राच्या खाऱ्या हवेत ओलं पातं मिटून ठेवलंस तर सकाळी तांबडं. म्हणून तू स्टेनलेस घे, पात्यावर ‘इनॉक्स’ लिहिलेलं असतं. धार लावायला थोडा जास्त वेळ जातो, पण पातळपणा तोच, आणि माझ्या मते खरी किंमत त्या पातळपणाचीच आहे.

कलमं बांधायला चालेल का, असंही विचारलं होतंस. नाही चालणार. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं धार असते म्हणून काप सपाट येतो आणि काडी खुंटावर नीट बसते. याचं पातं दोन्ही बाजूंना किंचित फुगीर, काप खोलगट येईल. तुझा जुना कलमी चाकूच त्या कामाला राहू दे.

कायद्याचं म्हणशील तर आपल्याकडे शस्त्र नियमांतली मर्यादा नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद पात्याची आहे, हा त्याच्या पासंगालाही नाही. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जे मनाई आदेश निघतात त्यांत चाकूही येतात. त्या दिवसांत तालुक्याला जाताना घरी ठेव. खटक्याचा काळा चाकू सापडला तर हवालदार जे प्रश्न विचारेल, ते लाकडी मुठीच्या फळं कापायच्या चाकूला बहुधा विचारणार नाही, हाही माझा एक हिशेब आहे. इथे फ्रान्समध्येसुद्धा योग्य कारणाशिवाय चाकू बाळगायला मनाई आहे. सहलीला, शेतावर चालतो, शहरात उगाच नाही. मी ऑफिसात डब्याच्या पिशवीत ठेवतो.

दिवाळीत येतोय तेव्हा तुझ्यासाठी इनॉक्सचा आठ नंबर आणतो. विमानात तो मोठ्या बॅगेतच टाकावा लागेल, तेव्हा मुंबईला बॅग वेळेवर आली म्हणजे मिळवली. आणि इथली एक रीत पाळावी लागेल: चाकू भेट मिळाला की घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं, नाहीतर मैत्री कापली जाते म्हणतात. एक रुपया चालेल.

नऊ नंबर हवा असेल तर पुढच्या पत्रात कळव, तुझा पंजा माझ्यापेक्षा मोठा आहे. मूठ थोडी लांब मिळेल, पण शर्टाच्या खिशातून डोकं बाहेर काढेल. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर