कमान कापली रे

पुणे, रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

चार महिने ना पत्र ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच, ॲसिडिटी आहेच. लिहायला बसलो ते एवढ्यासाठी की मारुती एस्टीमची, चाकावरची मागची डावी कमान कापली. ‘पत्र्याला हात लावायचा नाही’ म्हणून ज्यानं तुझ्याशी सहा आठवडे अबोला धरला होता, त्यानंच. हसून घे. बंड्याला अजून सांगितलेलं नाही.

घात चाकांनी केला. आधीचं चाक साडेपाच इंची, ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर, 45 मिमी. आता घेतलं ते 15 इंचावरचं, 7 इंच रुंद, ऑफसेट 25. गणित तूच शिकवलं होतंस: रुंदी दीड इंच वाढली, तिची निम्मी 19 मिमी, त्यात ऑफसेटचे 20, म्हणजे चाक 39 मिमी बाहेर. आतल्या बाजूला उलट एक मिलिमीटर कमीच, त्यामुळे स्ट्रटला (आतल्या शॉकॲब्सॉर्बरला) धोका नाही. टायर 195/50, व्यास 576 मिमी, तेरा इंचावरच्या 175/70 इतकाच. पण उंची तीच राहिली म्हणून चाक कमानीत बसतंच असं नाही. स्प्रिंग काढ, जॅकनं चाक बंपस्टॉपपर्यंत, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरापर्यंत, उचल, पुढचं चाक दोन्हीकडे पूर्ण वळव, मग कळतं. पुढे टायर घासतो तो कमानीच्या माथ्याला नाहीच, मागच्या खालच्या कोपऱ्यात, फेंडर सिलला (दाराखालच्या पट्टीला) मिळतो तिथे. मागे मात्र सरळ माथ्यालाच.

फायबरचे फ्लेअर, म्हणजे कमानीवर बसवायच्या रुंद कडा, पन्नास मिमीचे घेतले. पुढचे निमूट बसले. पुढचा फेंडर बोल्टवर असतो, पत्रा एकेरी. लायनर काढायचा, मागे वायरिंग आणि वॉशरची नळी जाते ती बाजूला बांधायची आणि कापायचं. चुकलंच तर नाना पेठेत दुसरा फेंडर मिळतो. मागे ती सोय नाही, ते पॅनल गाडीच्या अंगालाच वेल्ड केलेलं.

आता खरं दुखणं. मागची कमान दुहेरी आहे. बाहेरचा पत्रा आणि आतला घुमट (चाकावरचा आतला गोल पत्रा) काठावर एकमेकांना स्पॉट वेल्डनं चिकटलेले, पट्टी जेमतेम 12-15 मिमी. तिच्यावरून कापलं की सगळे स्पॉट त्या तुकड्याबरोबर जमिनीवर. हे ठाऊक होतं रे! म्हणूनच आधी फक्त बाहेरचा पत्रा कापायचा, आतला 30-40 मिमी लांब ठेवायचा, त्याला दर 20-25 मिमीवर उभ्या चिरा द्यायच्या, ती पानं हातोडीनं बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला भिडवायची आणि मग वेल्ड. पण टेप लावली, फ्लेअरची कड पेन्सिलीनं उतरवली, तिच्या आत 20 मिमी सोडून रेघ मारली आणि एक मिलिमीटरच्या चकतीनं एका दमात दोन्ही पत्रे उडवले. चकती खोल गेली. रेघ फ्लेअरच्या हिशोबानं मारली, सांध्याच्या हिशोबानं नाही. वळवायला आत पत्राच उरला नाही.

फट माथ्यावर 6 मिमी, बंपरकडे येता येता 18. हात घातला तर सरळ डिकीच्या बाजूच्या पोकळीत जातो. पावसाळ्यात चाकानं उडवलेला चिखल तिथेच साठणार आणि पत्रा आतून खाणार. आणि हा काठ नुसता शोभेचा नाही. दोन पत्रे जोडलेले असतात म्हणून तिथे पेटी तयार होते, त्या पेटीत मागच्या अंगाचा ताठपणा असतो.

फटीत फोम भरायचं नाव काढू नकोस. तुझा तो डिकीतला फोम अजून आठवतो, स्पंजासारखं पाणी धरून बसला होता आणि खाली पत्र्याची चाळण. पॅनल बाँड, म्हणजे पत्रा चिकटवायचा गोंदसुद्धा मिलिमीटरभर फटीला ठीक, 18 ला नाही.

मला सुचतंय ते असं. पुठ्ठ्याचे नमुने काढायचे, एक मिमीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या, माथ्यावर 30 मिमी रुंद, बंपरकडे 42. दोन्ही बाजूंना 12-12 मिमी दुमडायला. लांबी शंभर-शंभर मिमीच ठेवायची, म्हणजे गोलाई धरता येते. पत्रे जिथे एकमेकांना चिकटतील तिथे आधी वेल्डखाली चालणारा झिंक प्राइमर. मग सीओटू वेल्डिंग, 0.8 ची तार, दर 25-30 मिमीवर एक टाका. एक टाका इथला, पुढचा पलीकडच्या टोकाचा, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की बाहेरचा पत्रा लाटेसारखा उठतो आणि ती लाट फ्लेअरच्या वर दिसते. गॅस वेल्डिंगवाल्याला जवळ येऊ द्यायचं नाही. त्याआधी मागची सीट, आतलं अस्तर, डांबराची शीट सगळं बाहेर, नाहीतर आतून पेटेल. नंतर एपॉक्सी प्राइमर, दोन्हीकडून सीम सीलर, आणि पोकळीत मेण अगदी शेवटी, कारण आधी मारलेलं मेण वेल्डिंगला धूर करतं. बरोबर आहे ना?

उजवी बाजू अजून शाबूत आहे, आणि त्यावरच झोप उडते. पेट्रोलचं झाकण, टाकीची नळी, सगळ्याचा हिशोब करून कापायचं की डावी शिवून थांबायचं? एका बाजूला फ्लेअर आणि एका बाजूला नाही, अशी गाडी मी कोइमतूरच्या कारी रेस ट्रॅकला नेली तर तू ओळख दाखवणार नाहीस.

ठिणग्यांची एक गोष्ट विसरलो होतो, तुझ्या कामी येईल. त्या काचेत रुततात, निघत नाहीत, आणि रंगावर पडलेल्या आठवड्यानं लाल ठिपके होतात. ओली गोधडी टाक. बॅटरीची केबल काढ. दुपारी एक ते चार ग्राइंडर बंद ठेवायचा हे पुण्यात सांगावं लागत नाही, तरी खालच्या जोशीकाकांनी सांगितलंच.

पुढच्या फ्लेअरला M5 चे रिव्हनट (पत्र्यात रिव्हेटसारखे बसणारे नट) टाकले, भोक 7 मिमी. एकदा साडेसात झालं, नट जागच्या जागी गरगर फिरला, नवीन भोक पाडावं लागलं. अंतर 110 मिमी. पहिला बोल्ट माथ्याला, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, टोकं शेवटी, नाहीतर सगळा ताण एका टोकाला जाऊन फायबर तडकतं. फायबरचं भोक 6.5 ठेवलं, खाली रबरी वॉशर. कडेला रबराची यू-पट्टी. फोम टेप नको, पाणी धरते. खालचं टोक सील करायचं नाही, पाण्याला वाट हवी. दोन्ही फ्लेअर सारखे आहेत का हे गवंड्याच्या ओळंब्यानं बघितलं. टायर कडेच्या आत 8 मिमी आहे. स्टिअरिंग मात्र जड झालं आणि खड्ड्यात हातातून झटका देतं. बेअरिंगही लवकर बोलणार.

रस्त्यावर ती येणार नाही, ट्रेलरवरूनच. गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर आरटीओशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

तुझी नवी नोकरी कशी आहे? चिमीची ॲडमिशन झाली ना? वहिनींना नमस्कार. काकांच्या डोळ्याचं काय झालं ते कळव.

फटीचे फोटो वेगळे पाठवतो. पट्ट्या पुरतील की आतला घुमटच नवा करावा, एवढं सांग. तोवर उजवीला हात लावत नाही.

तुझा,
मध्या

ता. क. रिव्हनटची गन तुझ्याकडेच आहे, ही बंड्याची उसनी आणलीय आणि तो रोज ‘कशाला लागते’ विचारतो. कुरिअर कर. M5 चा मँड्रेल (नट धरणारा दांडा) लावूनच पाठव, मागच्या वेळी M6 चा निघाला होता.