मत मिळालं, पण वजन?

मा. संपादक,

लोकशाही मूळ आदर्शांना जागली का, हा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, सुरवातीची माणसं थोर होती, पुढच्यांनी वाट लावली. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात १७७६ ला सगळी माणसं जन्मतः समान असं लिहिणारे जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते. फ्रान्समध्ये १७८९ ला हक्कांचा जाहीरनामा निघाला, त्यात बायका कुठंयत असं ओलँप द गूज या लेखिकेने विचारलं, नुसतं विचारलं नाही तर १७९१ ला बायकांसाठी वेगळा जाहीरनामाच लिहून काढला, की बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे तर भाषणाच्या व्यासपीठावर चढायचाही हवा. दोन वर्षांनी तिला गिलोटिनवर चढवलं. आणि तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ ला!

स्वित्झर्लंडचं तर वाचून मला झोप आली नव्हती. अपेन्झेल इनररोडन नावाच्या छोट्या प्रांतात लोक चौकात जमून हात वर करून मतदान करतात, पुरुषांच्या कमरेची तलवारही मतदानाचा पास म्हणून चालते. देशपातळीवर बायकांना १९७१ ला मत मिळालं तरी या चौकात १९९० ला पुरुषांनी परत हात वर करून नाही म्हटलं, शेवटी त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च कोर्टाला सांगावं लागलं की बायकांना मत द्या. म्हणजे हक्क नाकारला तोही बहुमताने, अगदी रीतसर. आदर्श पाळायला लावले ते बाहेर ठेवलेल्यांनीच, भांडून भांडून.

आता मत जवळपास सगळ्यांना आहे, पण सगळ्यांच्या मताचं वजन सारखं नाही, आणि माझी खरी तक्रार ही आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या आसपास, पण सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, दोघांचेही प्रतिनिधी दोन-दोनच. ब्रिटनमध्ये २०२४ ला मजूर पक्षाला साधारण ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या आणि १४ टक्के मतं घेणाऱ्या रिफॉर्म पक्षाला फक्त ५. मला रिफॉर्मचं राजकारण पटत नाही, तरी त्यांना मत देणारी माणसंच आहेत ना? मग त्यांची मतं गेली कुठे?

तुम्हाला एक विनंती. निवडणूक कुठल्याही देशाची असो, निकालाच्या बातमीत नुसत्या जागा छापू नका, मतांची टक्केवारीही तेवढ्याच मोठ्या अक्षरात शेजारी छापा.

आपला,
एक नियमित वाचक