पैसे खिशातच ठेव

प्रिय मंद्या,

तुझं पत्र मिळालं. नव्या जागेत फ्रिजचं दार ओट्याकडे उघडतं, म्हणून तू नवा फ्रिज घ्यायला निघालायस! जरा थांब. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला हलवल्या की आहे तेच दार उलटीकडे उघडतं, बऱ्याच फ्रिजना तशी सोय असते.

आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललं होतं. फ्रिज ओट्याच्या डाव्या टोकाला आणि बिजागऱ्या उजवीकडे. दार उघडलं की ते बरोबर मध्ये आडवं. आई दुधाचं पातेलं दोन्ही हातांत धरून त्याला वळसा घालायची. एकदा सायीसकट सगळं फरशीवर. त्या दिवशी पुसता पुसता फ्रिजच्या डोक्यावर डावीकडे प्लास्टिकची टोपणं हाताला लागली. नखानं उचकटली, तर खाली आटे पाडलेली भोकं तयार!

तूही आधी तेच बघ. दारावर डिस्प्ले असेल तर मात्र नादी लागू नकोस, त्याची वायर वरच्या बिजागरीतून गेलेली असते. कुलपाच्या सिंगल डोअरचंही बहुधा जमत नाही.

रविवारी प्लग काढला, दारातल्या बाटल्या उतरवल्या. वरची बिजागरी दहाच्या पान्यानं सुटली. वरचं दार उचललं, मग मधली बिजागरी, मग खालचं दार. खालच्या बिजागरीसाठी फ्रिज मागे कलवावा लागतो, तो शेजारच्या काकांनी धरला. आडवा करू नकोस हं. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, मग उभा करून काही तास थांबत बसावं लागतं. स्क्रू मी वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले होते, एवढा शहाणपणा केला. तरी मधल्या बिजागरीवरचा कागदासारखा पातळ वॉशर कुठे गळला ते कळलंच नाही. सगळं डावीकडे बसवलं तर वरचं दार खालच्यावर घासतंय. पुन्हा उघड सगळं! वॉशर पायपुसण्यात सापडला. आणि दार थांबवणारा खालचा छोटा तुकडाही दुसऱ्या बाजूला न्यायचा असतो, तो विसरू नकोस.

मग दाराच्या कडेच्या रबराचं नाटक. इतकी वर्षं एका बाजूला दबलेलं, ते नव्या बाजूला नीट बसेना. हिनं हेअर ड्रायरनं ऊब दिली, मी बोटानं ओढून सारखं केलं. दहाची नोट दारात धरून ओढून बघायची. सहज सुटली तर तिथे फट. वरचा कोपरा तीनदा नापास झाला.

एवढं करून ऐटीत दार उघडलं, तर ते भिंतीला टेकलं. काटकोनापुढे जाईना, भाजीचा ड्रॉवर अर्ध्यातच अडकला. भिंतीचा विचारच केला नव्हता रे! शेवटी फ्रिज सहा इंच ओट्याकडे सरकवला. मध्ये कचऱ्याचा डबा असायचा, तो आता बाल्कनीत आहे आणि त्यावरून मी रोज बोलणी खातो.

तेव्हा तुझ्या फ्रिजच्या डाव्या कडेपासून भिंत किती इंच आहे, ते टेपनं मोजून कळव. दहाचा पाना मी आणतो. वहिनींना हेअर ड्रायर काढून ठेवायला सांग.

तुझा,
बाळ्या