सई येतेय, तर टीव्हीबद्दल थोडंसं

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि. (शाळेतलं एवढंच आठवतंय, पुढचं आपलं नेहमीसारखं.)

फोनवर हे बोलायला गेलो की बाबा "बरं बरं, कळलं" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, आणि तू लगेच "जेवलास का" वर येतेस, म्हणून शेवटी लिहायलाच बसलो. आई, तूच मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा सापडत नसणार.

शनिवारी सईला घेऊन मिरजेला येतोय, मी रविवारी परत, ती बारा दिवस तुमच्याकडे. आंबे किती खायचे, अंगणात किती लोळायचं, त्यात मी पडत नाही. फक्त दुपारी तुमची दोघांची डुलकीची वेळ झाली की टीव्ही लागणार हे मला माहितीये, आणि लागू दे, माझं काही म्हणणं नाही. काय लावायचं तेवढंच सांगतोय.

आधी दिवाळीतलं. आम्ही दोघं सांगलीला खरेदीला गेलो होतो, परत आलो तर सई तुझ्या मांडीत हुंदके देत होती आणि बाबा रिमोट हातात धरून नुसते उभे होते. मी सगळ्यांसमोर "एवढं कळत नाही का हो बाबा" असं बोललो. ते चुकलं माझं. तुम्ही लहान मुलांचा, प्राण्यांचा, गाण्यांचा म्हणून सिनेमा लावलात, त्यात काय वाईट होतं, मीही आधी तेच करत होतो. द लायन किंग, 1994 चा. दरीत रानगायींचा लोंढा येतो, काका बापाला वरून ढकलतो, आणि मग ते पिल्लू मेलेल्या बापाच्या पंज्याखाली घुसून झोपायला बघतं. आपण मोठे लोक तिथेच डोळे पुसतो. पण सईला ते नव्हतं लागलं, मला हे आठवड्यानंतर कळलं. तिला लागलं त्याच्या पुढचं, काका पिल्लाला सांगतो ना की हे तुझ्यामुळे झालं, ते. मी ऑफिसला निघालो की दारात माझी बॅग धरून उभी राहायची आणि एक दिवस हळूच म्हणाली, "मी हट्ट केला तर तू पण पडशील का?" काय उत्तर देणार, मी बूट काढून परत आत आलो आणि त्या दिवशी घरूनच काम केलं.

तर तिची भीती ही अशी आहे. राक्षस, डायनासोर, भुतं, याचं तिला काही नाही, उलट हसते. आई हरवली, बाबा गेले, कुणाला तरी एकट्याला मागे ठेवून बाकीचे निघून गेले, कुणाला सगळे मिळून ओरडले, हे झालं की ती संपली. तुझी चिमणी-कावळ्याची गोष्ट आठव. सगळी पोरं चिमणीचं "थांब माझ्या बाळाला तीट लावू दे" ऐकून खिदळतात, आणि हिने विचारलं, "मग कावळा रात्री कुठे झोपला?" तेव्हा तू क्षणभर थांबलीस आणि सांगितलंस की चिमणीने त्याला चुलीपाशी पोतं अंथरून दिलं. बस, झाली शांत. गोष्ट सांगणारा माणूस समोरच्या पोराच्या तोंडाकडे बघून वाघ लहानमोठा करतो, टीव्हीला ते येत नाही, तो आपला चालूच.

आणि गंमत म्हणजे या कार्टूनवाल्यांना आईबाप जिवंत ठेवून गोष्ट सांगताच येत नाही की काय कोण जाणे! बँबी, 1942 चा, हरणाच्या पाडसाची आई शिकारी मारतात. फाइंडिंग निमो, इतका रंगीबेरंगी, तर नाव यायच्या आधीच मोठा मासा आई आणि सगळी अंडी खाऊन टाकतो, एक अंडं सोडून. फ्रोझन, ज्याचे फ्रॉक प्रत्येक बर्थडे पार्टीला दिसतात, त्यात राजाराणी वादळात जहाजासकट बुडतात. आपल्याकडचा बरा म्हणून दिल्ली सफारी लावाल तर तिथेही सुरुवातीलाच बिबट्याच्या पिल्लाचा बाप जातो. मला वाटतं घरात आईबाप असले तर पोरगं घराबाहेर पडणार कसं आणि गोष्ट घडणार कशी, म्हणून आधी त्यांना उडवतात. सिनेमे चांगलेच आहेत हो सगळे, दोन-तीन वर्षांनी बघू, आत्ता नको.

बाबा म्हणतील सेन्सॉरचा यू असतो ना. असतो, पण तो मारामारी, शिव्या, नको ते सीन यासाठी, यू म्हणजे सगळ्यांनी बघावा एवढंच. 2024 पासून यूएचे, म्हणजे आईबापांच्या नजरेखाली बघायच्या सिनेमांचे, वयाप्रमाणे तीन भाग केलेत, 7+, 13+ आणि 16+, त्याने थोडं सोपं झालंय, पण यूमध्ये आई मरते की नाही हे कुठल्याच पाटीवर लिहीत नाहीत. म्हणून मी आता प्रत्येक सिनेमा रात्री ती झोपल्यावर आधी एकटा बघतो, स्नेहल हसते मला, चाळीशीला आलेला माणूस रात्री साडेअकराला मेंढ्यांचा सिनेमा बघतोय म्हणून.

तो मेंढ्यांचा मात्र नक्की लावा, शॉन द शीप. अख्ख्या सिनेमात एक वाक्य नाही, नुसतं बँ बँ आणि पुटपुटणं, त्यामुळे हिंदी का इंग्रजी हा प्रश्नच मिटला, आई तुलाही सगळं कळेल. शेतकऱ्याची मेमरी जाते आणि तो शहरात जाऊन माणसांचे केस भादरायला लागतो, मेंढ्या भादरतो तसे, आणि फेमस होतो! प्राणी पकडणारा एक खडूस माणूस आहे त्यात, तो आला की सई उशी तोंडावर घेते पण उशीच्या कडेने बघत असते, तेवढं चालतं.

दुसरा विनी द पूह, 2011 चा. तासाभरात संपतो, म्हणजे बाबांचा चहा होईपर्यंत. त्यात "लवकर परत येतो" अशी चिठ्ठी घुबड चुकीची वाचतं आणि त्यातून सगळे मिळून एक भयंकर प्राणी स्वतःच तयार करतात आणि त्याला घाबरत बसतात. सईला हे फार आवडतं, कारण तिला आधीपासून माहीत असतं की असं काही नाहीये.

आणि तिसरा टोटोरो. जपानी आहे, मियाझाकीचा, 1988 चा, दीड तासाच्या आतला. त्यात कुणीच दुष्ट नाही, शोधून सापडणार नाही. दोन बहिणी बाबांबरोबर खेडेगावात राहायला येतात, आई हॉस्पिटलमध्ये, आणि रानात एक भलामोठा केसाळ प्राणी राहतो. एक सीन आहे, भर पावसात दोघी बसस्टॉपवर बाबांची वाट बघतायत, धाकटी मोठीच्या पाठीवर झोपलेली, आणि शेजारी तो प्राणी येऊन उभा राहतो. मोठी त्याला छत्री देते. छत्रीवर थेंब टपटप पडतात आणि त्याला तो आवाज इतका आवडतो की तो उडी मारून झाडावरचं सगळं पाणी एकदम पाडतो. बराच वेळ एवढंच, आणि सई श्वास धरून बघते. शेवटाकडे धाकटी हरवते, तळ्यात एक चप्पल सापडते, तिथे फक्त आधीच सांगायचं, "ती चप्पल तिची नाही, ती सापडते." शेवट आधी सांगितला तर मजा जाते असं आपल्याला वाटतं, हिची मजा तर शेवट कळल्यावरच सुरू होते. तिन्ही मी टॅबवर उतरवून आणतोय, टीव्हीला कसं जोडायचं ते रविवारी निघायच्या आधी दाखवतो.

बाकी थोड्याच गोष्टी. जेवणानंतर अंधारात नको, दुपारीच, खिडकी उघडी ठेवून. आणि आवाज कमी, कारण अर्धी भीती त्या ढॅणढॅण म्युझिकची असते, मी एकदा म्यूट करून बघितलं तर तोच सीन तिने भाकरी खात बघितला. एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो तो बंद करायला विसरू नका. आणि रिमोट तिच्या हातात राहू दे. तिने बंद केला तर बंद, "अगं खोटं असतं ते" नको आणि शेजारच्या काकू आल्या तर त्यांच्यासमोर "आमची रडूबाई" तर अजिबात नको. खोटं आहे हे तिला माहितीये, रडू खरं असतं त्याचं काय करायचं.

बाबा, हे तुम्हाला शिकवायची खरंतर मला लाज वाटते. मी दुसरीत की तिसरीत असताना वरच्या मजल्यावर जाऊन चोरून हॉरर शो बघून आलो होतो, आठवतंय? पुढे महिनाभर रात्री बाथरूमला जायचं तर तुम्हाला दाराबाहेर उभं करायचो. तुम्ही एकदाही भित्रा म्हणाला नाहीत. बाहेर उभं राहून पाढे म्हणायचात, तेवीसचा, मग एकोणतीसचा, मोठ्याने, म्हणजे तुम्ही तिथेच आहात हे मला आत ऐकू यावं म्हणून. एकोणतीसचा पाढा मला आजही येतो तो त्याच्यामुळे. सईला अडलं कुठे तर तेच करा, फक्त तिला अजून दोनचाच येतो.

आई, एक राहिलं. मार्चमध्ये तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सईला आणलं नव्हतं, म्हणून तिने खूप प्रश्न विचारले, आजी परत चालेल का, घरी येईल का. त्याच आठवड्यात टोटोरो बघितला. त्यातली धाकटी हॉस्पिटलमधल्या आईसाठी मक्याचं कणीस घेऊन एकटीच निघते, ते खाल्लं की आई बरी होईल म्हणून. आता सईने तिच्या बॅगेत एक कणीस भरलंय. काल मंडईतून स्वतः निवडून आणलं, पानांसकट, फ्रॉकच्या खाली ठेवलंय, शनिवारपर्यंत ते कोमेजणार. तरी लगेच भाजायला टाकू नकोस, आधी हातात घे, तिच्यासमोर चार पावलं चालून दाखव, मग काय ते कर.

गाडी साडेअकराला पोचते. बाबांनी उन्हात स्टेशनवर यायचं नाही, आम्ही रिक्षाने येऊ.

तुमचा,
मन्या